बसलिंगप्पांचा बेस

माझे मामा बसलिंगप्पा सिकंदराबादहून पहिल्यांदा उदगीरला परत आले, तेव्हा आजोबांनी दाळ मिलच्या ओट्यावर चारचौघांत त्यांना विचारलं, "तिकडं काय वाजवतो म्हणं तू?"

"बेस," मामा म्हणाले.

"कसं वाजवतो ते न्हाई इचारलं. काय वाजवतो?"

"बेसच की, अप्पा."

"आरं, बेस का भिकार ते ऐकणारे ठरवतील. तू वाद्याचं नाव सांग."

हमालांसकट सगळा ओटा हसला. आमच्याकडं बेस म्हणजे छान, झकास. भाजी बेस झाली, जावई बेस मिळाला, असं सारखं कानावर पडतं. त्या दिवसापासून गावानं मामांचं बेसलिंगप्पा करून टाकलं. मामा स्वतः हा किस्सा आजोबांची नक्कल करून सांगायचे आणि मीही वर्षानुवर्षं पोट धरून हसलो आहे. आता हसू येत नाही. पुढं जे झालं ते याच एका शब्दापायी झालं, म्हणून तो आधी सांगून ठेवला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि तिचा सूर इतका खालचा असतो की ती वाजतेय हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ती थांबली की मात्र गाणं लंगडतं, आणि काय बिघडलं ते कुणाला सांगता येत नाही. मामांनी सिकंदराबादच्या एका बँडमध्ये वीसेक वर्षं हेच केलं. क्लबात, हॉटेलांत ब्लूज आणि रॉक वाजवलं. पुढं उभा राहणारा गिटारवाला केस उडवायचा, त्याचे फोटो पेपरात यायचे. त्या फोटोंमध्ये मामांचं कोपर दिसतं. एका फोटोत तर नुसता बूट. गिटारवाल्यांबद्दल माझं मत चांगलं नाही आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

ब्लूज म्हणजे काय, असं मी लहानपणी विचारलं होतं. "दुःख हाय, पर ठेका सोडायचा न्हाई," मामा म्हणाले. मग त्यांनी मला उचलून त्यांच्या स्पीकरच्या लाकडी पेटीवर बसवलं आणि गिटारची सगळ्यात जाड तार छेडली. माझ्या मांड्या, पोट, दात, सगळं थरथरलं. "बेस कानानं ऐकायचा नसतो, श्रीशैला. पोटानं ऐकायचा."

पन्नाशीला आल्यावर बँड मोडला. मामा नांदेडला येऊन राहिले, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागले, आणि त्याच काळात त्यांनी स्वतःच्या नावाचे तीन अल्बम काढले. भजनाच्या कॅसेटी आणि निवडणुकीची प्रचारगीतं जिथं व्हायची अशा एका छोट्या स्टुडिओत. कुणी विचारलं नाही. मी मात्र गेली कित्येक वर्षं दर रविवारी दुपारी ते ऐकत आलो आहे, आणि कुणी माझ्याशी वाद घालायला बसलं तर मी त्याला उठू देत नाही.

पहिला 'दाळ मिल'. त्याची सुरुवात आजोबांच्या मिलच्या पट्ट्याच्या आवाजानं होते. मामांनी तो उदगीरला जाऊन टेप करून आणला होता. फटक्, फटक्, फटक्. त्या ठेक्यात बेस इतका हळूच शिरतो की मशीन कुठलं आणि माणूस कुठला ते कळत नाही. मग मध्येच मशीन बंद पडतं. बेस चालू राहतो. ज्या मिलमधून हा माणूस वडिलांशी भांडून पळाला, तिचं काम तो एकटा पुढं रेटत राहतो. तिथं मला दर वेळी भरून येतं.

दुसरा 'शांते'. माझ्या मामीचं नाव शांतम्मा. वीस वर्षं नवरा सिकंदराबादला आणि बायको उदगीरला सासू-सासऱ्यांपाशी, असा त्यांचा संसार. या अल्बममध्ये भजनी मंडळाची बाजाची पेटी आहे, ढोलकी आहे, आणि मामांचं पुटपुटल्यासारखं गाणं आहे. मुख्य गाण्यात तर शब्द एकच. मामा हाक मारतात, "शांते..." आणि गप्प होतात. पुढचं सगळं बेस बोलतो. कुठं होतो, का आलो नाही, चुकलं. परत हाक, परत बेस. आत चुलीपाशी बसलेल्या बायकोशी ओसरीवरून थांबत थांबत बोलावं तसं. माणसानं त्यात माफी मागितली आहे, आणि ती तोंडानं मागायचा धीर झाला नाही हेही त्यात ऐकू येतं.

तिसरा 'खालची तार'. यात मामांशिवाय कुणी नाही. पेटी नाही, ढोलकी नाही, हाकही नाही. आवाज टेपमध्ये येऊ नये म्हणून पंखा बंद करून ऐन उन्हाळ्यात वाजवलेला. शेवटच्या तुकड्यात तर एकच तार, सगळ्यात जाड, आणि त्या तारेवर दोनच सूर. बोट दाबलं की एक सूर. उचललं की तार मोकळी होते आणि सूर खाली जातो. दाब, उचल. दाब, उचल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मामांना काही सुचत नव्हतं. दोन-तीन वर्षांनी एका दुपारी लक्षात आलं की दर वेळी बोट उचलल्यावर ते परत दाबायला मामा आधीपेक्षा किंचित जास्त वेळ घेतात, आणि आपण श्वास धरून त्या बोटाची वाट बघत राहतो. तो तुकडा संपल्यावर मी उठून तोंड धुऊन आलो.

हे ऐकायला माझ्याकडं साधन होतं. वाजवणं सोडल्यावर मामांनी गिटार ठेवून घेतली, पण ती लाकडी पेटी मला दिली. लातूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती टीव्हीखाली टेबलासारखी पडून असते. रविवारी मी तिला वायरी जोडतो, आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन भांडी हलतात म्हणून तक्रार करून जातात.

मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. डॉक्टर व्हायला लातूरला आलेल्या पोरांना ध्वनी, लहरी, कंपनं. हे लक्षात असू द्या. तिन्ही अल्बम मी इंटरनेटवरही टाकले होते. 'खालची तार'खाली एकानं लिहिलं, "भाऊ, आवाज येईना." दुसऱ्यानं लिहिलं, "नुसतं टिकटिक ऐकू येतंय." मी दोघांनाही झापलं. आधी कान तपासून घ्या आणि मग माझ्या मामांकडं या, असं लिहिलं.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, बोलता येणार नाही. एखाददुसरा शब्द निघाला तर निघेल. मी नांदेडला दवाखान्यात पोचलो तेव्हा मामी उशाशी बसून होती आणि अमरनाथ पायथ्याशी उभा होता. अमरनाथ म्हणजे मामांचा मुलगा, माझ्याहून लहान, मोंढ्यात आडतीवर कामाला आहे. बापाच्या वाद्याचं त्याला वावडं. लहानपणभर बाप त्या वाद्यानं पळवला, आणि बाप घरी आला तेव्हा याला मिशा फुटल्या होत्या. त्याचं चुकतं असं मी कधी म्हटलेलं नाही.

मामांची नजर छतावर होती. मला वाटलं, या माणसाला त्याचं स्वतःचं काहीतरी द्यावं. मी फोन काढला, 'शांते' लावलं आणि त्यांच्या कानातल्या मशीनजवळ धरलं. त्यांना दोन्ही कानांत मशीनं आहेत. बँडमध्ये आयुष्य काढलेल्यांचे कान असेच जातात.

पेटी सुरू झाली, ढोलकी सुरू झाली. मामांची नजर छतावरून खाली आली.

"शांते..." फोन म्हणाला.

"हाव, हितंच हाय मी," मामी म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

मामांचे ओठ वाकडे झाले. घशातून खरखर आली. "बे... बेस."

"बेस म्हणले!" मामी ओरडली. "श्रीशैला, बोलले की रे! आवडलं त्यांना!"

"बेस," मामा परत म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "बेस. बेस."

"हाव मामा, लई बेस हाय," मी म्हणालो. माझेही डोळे वाहत होते. अमरनाथ पुढं आला आणि मी त्याला पहिल्यांदाच बापाच्या कपाळावर हात ठेवताना पाहिलं. मला इतकं धन्य वाटलं की लातूरला परतताना मी एसटीत अनोळखी माणसाला ते सगळं सांगितलं.

मामांना घरी आणलं. मी मामीच्या फोनवर तिन्ही अल्बम भरून दिले आणि सकाळ-संध्याकाळ लावायचे असं ठरवून दिलं. मामी रोज मला फोन करायची. "आज लई येळ बेस बेस म्हणून राहिले रे. डोळ्यातून नुसतं पानी." मग म्हणायची, "मी बी म्हणते, हाव, बेस हाय, माझ्या राजा, लई बेस हाय." पुढं पुढं मामा चिडायला लागले. डाव्या हातानं फोन फेकून दिला. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात माणसं चिडतात. फोन फुटेल म्हणून तो खाटेच्या डोक्याकडच्या दांडीला, मामांचा हात पोचणार नाही असा, नाडीनं बांधावा ही युक्ती माझी. मामीनं बांधला. गाणं चालू राहिलं.

एप्रिलच्या अखेरीस मामांनी खाणं सोडलं. बसव जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो आणि माझ्या बायकोला, मंजुश्रीला, फोनवर 'शांते' ऐकवत होतो. तिला माझ्या रविवारच्या दुपारींचा वीट आहे. तेवढा वेळ ती बहिणीकडं जाऊन बसते. पण मामांचं असं झाल्यावर ती ऐकायला बसली. गवार मोडता मोडता तिनं गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"पेटी बेस वाजवलीय," ती म्हणाली. "ढोलकी बी ऐकू आली. पर यात मामा कुठं हाईत?"

"कुठं म्हणजे? हाक कोण मारतंय?"

"हाक मारली, कळलं. मग पुढं गप्पच हाईत की. त्यांचं वाजवणं कुठं हाय?"

मी तिच्यावर डाफरणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग मी गाणं पुन्हा लावलं आणि पहिल्यांदा, मला पाठ असलेलं ऐकायचं सोडून, फोनमधून येत होतं ते ऐकलं.

पेटी. ढोलकी. "शांते..." आणि त्यापुढं काहीच नाही. पेटी, ढोलकी, आणि कुणी उत्तर न दिलेली हाक.

फोनचा स्पीकर नखाएवढा. एवढासा पडदा एवढी मोठी लहर ढकलू शकत नाही, खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. मला तो बेस फोनमधूनही ऐकू येत होता, कारण तो माझ्या डोक्यात वाजत होता. ज्यांना मी कान तपासून घ्या म्हणालो होतो त्यांचे कान ठणठणीत होते.

आणि मामा? मामा त्या खाटेवर पडून स्वतःचं गाणं ऐकत होते आणि त्यातून तेच गायब होते. त्यांच्यापाशी एक शब्द उरला होता. तो शब्द वापरून ते आम्हाला विचारत होते, मागत होते, आमची मनगटं धरून रडत होते. बेस. बेस कुठंय. बेस लावा. आणि आम्ही सगळे शहाणे म्हणत होतो, हाव, लई बेस हाय.

तिथंच टेबलाशी बसून मी अमरनाथला फोन लावला.

"ते गाणं बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"अण्णा, तुमीच तर लावा म्हणले."

मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग आता काय? इअरफोन घालू?"

"मशीन काढलं की त्यांना ऐकू येत नाही, आणि मशीनवर इअरफोन बसत नाही. मोठा स्पीकर पाहिजे. कुठून तरी आण. त्यांच्या खाटेला टेकवून लाव."

"अण्णा, डॉक्टर म्हणले आज-उद्या. घरात मानसं येऊन बसून राहिलीत. आन मी बापाच्या उशाला डब्बा लावू? लहानपणी ते मला मिळाले न्हाईत त्या बेसापायी. आता जाताना तरी शांतपणानं जाऊ द्या."

"ते शांत नाहीत रे," मी ओरडलो. "ते ओरडून राहिलेत, आपल्याला समजलं नाही!"

त्यानं फोन ठेवून दिला.

सकाळी मी टीव्ही खाली उतरवून ठेवला आणि ती पेटी घेऊन लातूरच्या स्टँडवर गेलो. स्टँडपर्यंत मंजुश्रीनं एक बाजू धरली होती. कंडक्टर म्हणाला, हे कपाट टपावर टाका. मी म्हणालो, याच्याआधी मला टपावर टाका. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, पेटीचं तिकीट फाडलं आणि मागच्या सीटवर जागा करून दिली. बायकोशिवाय त्या दिवशी माझ्याशी चांगलं वागलेला तो पहिला माणूस.

अहमदपूरला गाडी अडली. बसव जयंतीची मिरवणूक निघाली होती, ट्रॅक्टरवर डीजेचे डबे एकावर एक रचलेले. ठोका पडला की एसटीच्या काचा थडथडायच्या, सीटचा पत्रा थरथरायचा, माझ्या पोटात गोळा हलायचा. पोरं घामानं निथळून नाचत होती. त्यांचा काही दोष नव्हता, पण मला त्यांतल्या एकेकाची गचांडी धरावीशी वाटली. रस्ताभर नुसता बेस सांडला होता. एवढ्यातला ओंजळभर माझ्या मामांना कुणी दिला असता तर! मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, रस्ता द्या, माणूस मरतोय. कुणाला ऐकू जाणार? एकानं माझ्या कपाळाला गुलाल लावला.

नांदेडला रिक्षातून पेटी उतरवली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दारात चपला होत्या. आत शेजारपाजारच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात पुठ्ठे घेऊन वारा घालत. मामा जिवंत होते. डोळे अर्धे उघडे, श्वास घशात अडकत अडकत. आणि खाटेच्या दांडीला बांधलेला फोन बारीक आवाजात गातच होता. अमरनाथनं आदल्या रात्री मामीला कारण न सांगता बंद केला होता. सकाळी मामीनं पुन्हा लावला.

"आलास? बघ की, घोट घेऊन न्हाई राहिले," मामी म्हणाली. "पर गानं चालू ठेवलंय मी. तेवढंच सुख."

मी फोन बंद केला. पेटी खाटेला टेकवली, वायर काढली, भिंतीतलं बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं.

"लाईट न्हाई, अण्णा," अमरनाथ म्हणाला. "डीपी जळालीय. सकाळपसून समदी गल्ली बंद हाय. इन्व्हर्टर बी बसला."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की पंखे बंद होते म्हणून बायका वारा घालत होत्या. मी त्या पेटीशेजारी जमिनीवर बसलो. लातूरहून उरावर घेऊन आलो ती पेटी नुसतं लाकूड झाली होती. मी रडलो, शिव्या दिल्या, बायकांसमोर दिल्या. पेटीला कपाळ टेकलं, आणि टेकल्यावर लहानपणी तिच्यावर बसलो होतो ते आठवलं. कानानं नाही, श्रीशैला.

"गिटार कुठंय?" मी विचारलं.

अमरनाथ हलला नाही. मामी म्हणाली, "माळ्यावर असंल. पर तिला बी लाईट लागते न्हवं?"

"लाकूड आणि तार आहे, मामी. अंगाला टेकवली की वाजते."

अमरनाथनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. मग खुर्ची ओढली, माळ्यावर चढला आणि मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गिटार खाली घेऊन आला. तीन तारा तुटून वळल्या होत्या. सगळ्यात जाड तेवढी शाबूत होती, गंजलेली, ढिली. मला वाजवता येत नाही. पण त्या तारेचा सूर कुठं असतो ते मला पाठ होतं, आणि मी खुंटी पिळत पिळत तिला तिथं आणलं.

गिटार मामांच्या छातीवर ठेवली, तिची मान त्यांच्या डाव्या हाताकडं. अंगठ्यानं तार ओढली.

खोलीत फारसं काही ऐकू आलं नाही. पण मामांच्या गळ्यातला लिंगाचा चांदीचा करंडा लाकडाला लागून किणकिणला. मामीनं तो पटकन मुठीत धरला आणि तिचा दुसरा हात मामांच्या बरगड्यांवर पडला.

"अय्यो शिवा," ती म्हणाली. "आतून वाजून राहिलंय की."

मी पुन्हा तार ओढली. पुन्हा. मामांचे अर्धे उघडे डोळे मिटले. श्वासाची घरघर थोडी खाली बसली. ते काहीच बोलले नाहीत.

मामी घाबरली. "बेस म्हणून न्हाई राहिले. श्रीशैला, त्यांना न्हाई आवडलं. थांबव ते. त्यांचं गानं लाव." तिनं दांडीकडं, फोनकडं हात नेला.

खोटं बोलावं असं मला वाटलं. बोललो असतो तर तिनं मला थांबवलं असतं, आणि थांबायला आता वेळ नव्हता.

"मामी, ते बेस हाय असं म्हणत नव्हते. ते बेस मागून राहिले होते. त्यांचा बेस. त्या फोनमधून तो येतच नाही."

तिचा हात तिथंच थांबला. "मागून राहिले होते?"

"हाव."

"इतके दिवस?"

मी मान हलवली.

"आन मी म्हणायची, हाव, लई बेस हाय." तिनं हे अगदी हळू म्हटलं. अमरनाथनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मामी त्या फोनकडं बघत राहिली. मग विचारलं, "म्हंजे त्या गान्यात हाक मारल्यावर पुढं कायतरी हाय?"

"पुढंच तर सगळं आहे."

"मला वाटलं नुसती हाक हाय. तुझ्या त्या स्पीकरच्या पेटीवर मी न्हाई ऐकलं कदी. नांदेडात बी हे वाजवाया लागले का मी भाईर जाऊन बसायची, रागानं." तिनं फोनकडचा हात मागं घेतला. "काय हाय पुढं?"

"कामून आलो नाही ते. चुकलं, ते."

मामीनं मामांचा डावा हात उचलला, वाळलेला पण शाबूत, आणि गिटारच्या मानेवर नेऊन ठेवला. "वाजव," मला म्हणाली.

मी तार ओढली. मामांची बोटं आधी नुसतीच तारेवर पडून होती, आवाज दबला. मग एक बोट सरकलं. चाचपलं. दाबलं. सूर वर गेला, खरखरीत, पण गेला. बोट उचललं. तार मोकळी झाली आणि सूर खाली आला.

दाब. उचल.

मला कळलं ते काय वाजवत होते. माझ्या अंगठ्याची कातडी गंजलेल्या तारेनं सोलली होती, पण मी ठेका सोडला नाही. मामी हात बरगड्यांवर ठेवून, मान थोडी वाकवून बसली होती, जवळ बसून कुणी काही सांगत असलं की बसतात तशी. अधूनमधून ती "हाव" म्हणत होती. "हाव. हाव." अमरनाथ येऊन खाटेच्या कडेला बसला आणि त्यानंही तळवा गिटारच्या लाकडावर ठेवला.

दाब. उचल. दर वेळी बोट परत यायला जरा जास्त वेळ लागत होता. तो तुकडा तसाच आहे. मी तो इतक्या वेळा ऐकला आहे की किती वाट बघायची ते मला माहीत आहे.

बोट उचललं. सूर खाली गेला. मी तार ओढली आणि वाट बघितली. पुन्हा ओढली. मोकळी तार वाजत होती, एकच सूर, खालचा. घरघर ऐकू येत नव्हती. बोट तारेच्या वर तसंच राहिलं होतं.

माझा अंगठा थांबला.

"थांबू नको," मामी म्हणाली. तिचा हात बरगड्यांवरच होता. "अजून बोलून राहिलेत."

मी वाजवत राहिलो.